प्रयोग

नाटकाचा प्रयोग असतो तसा औषधाचाही असतो. मराठीत दोहोंना एकच शब्द आहे आणि तो मला आवडतो. इंग्रजीतला ‘ट्रायल’ हा शब्द ऐकला की कोर्टातला पिंजरा डोळ्यांपुढे येतो; प्रयोग म्हटले की तिसरी घंटा ऐकू येते. पण नाटकाचे तिकीट खिडकीवर मिळते, पैसे दिले की झाले. औषधाच्या प्रयोगाची खिडकी कुठे असते, हे सत्तरी गाठेपर्यंत मला ठाऊक नव्हते. ती खिडकी नसतेच. आतून कोणीतरी हाक मारावी लागते.

यांना 2019 साली मल्टिपल मायलोमा झाला. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होते, तिथे उपजणारा हा कर्करोग. उसण भरावी तशी पाठ धरते, माणूस फिका पडत जातो. न्यू जर्सीत आम्ही चाळीस वर्षे काढली, म्हणून इस्पितळही तिथलेच. मोठ्या दालनात ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाइनची सळई. आमच्या बाजूच्या खुर्चीत एक काळे गृहस्थ असत. वय यांच्याएवढेच, रोग तोच, औषध तेच आणि वारही तोच, मंगळवार. सोबतीला त्यांची धाकटी बहीण. पुरुष दोघे डुलक्या घेत आणि आम्ही बायका बोलत बसत असू. मी चिवडा नेई, त्या रताळ्याची पाय करून आणत. ही आपल्या रताळ्याच्या किसापेक्षा बरीच गोड असते, हे जाता जाता सांगते.

त्या वर्षाच्या हिवाळ्यात दोघांचेही औषध लागू पडेनासे झाले. यांना डॉक्टरांनी आत बोलावले आणि नव्या औषधाचा प्रयोग चालू आहे, घेता का, म्हणून विचारले. डॉक्टर तरुण होते, त्यांचे आजोळ सांगलीचे. चाळीस मिनिटे बसून त्यांनी सारे समजावले, शेवटी तर मराठीतून. संमतीपत्राची पाने मोजली, चोवीस भरली. बाहेर आले तो शेजारच्या बाईंनी विचारले, ‘‘एवढा कसला कागद मिळाला, हनी?’’ त्यांच्या भावालाही दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले होते, पण प्रयोगाचा शब्द निघाला नव्हता.

कोणी कोणाचे वाईट चिंतले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. पण आपला वशिला लावावा लागतो, त्यासाठी पायऱ्या झिजवाव्या लागतात. हा न लावता लागलेला वशिला होता. या माणसाकडे गाडी आहे, मुलगा शिकलेला आहे, बोलावले त्या दिवशी हा येईल, असे यांच्याकडे पाहताच कोणाच्या तरी मनात आले असणार. त्या मनाला स्वतःलाही ते कळले नसेल.

अर्जात वंशाचा एक रकाना होता. त्यात आम्ही ‘एशियन’. ज्या समाजात देशस्थ, कोकणस्थ आणि कऱ्हाडे यांच्यातला फरक आमटीच्या चवीवरून सांगणारे लोक आहेत, त्या समाजातल्या माणसाला जपानी आणि चिनी माणसांच्या पंगतीला बसवले की गंमत वाटते. पण तो रकाना थट्टेचा नाही. अमेरिकेत मायलोमा काळ्या लोकांना गोऱ्यांच्या दुपटीने होतो. त्या रोगाच्या दर शंभर रोग्यांत सुमारे वीस काळे असतात, आणि त्याच रोगावरच्या औषधांच्या प्रयोगांत मात्र शंभरात पाचही नसतात. म्हणजे ज्यांना रोग अधिक, त्यांच्या अंगावर औषध कमीत कमी पारखलेले. 1993 साली कायदा झाला, की सरकारी पैशाने होणाऱ्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्य लोक घेतलेच पाहिजेत. पण नव्या औषधांचे बहुतेक प्रयोग कंपन्यांच्या पैशाने होतात.

कारण विचारले की शिकलेली माणसे एक उत्तर तोंडपाठ देतात : काळ्या लोकांचा विश्वास नाही. अविश्वासाला आधार भरपूर आहे. अलाबामातल्या टस्कीगी इथे सरकारच्या आरोग्यखात्याने 1932 पासून 1972 पर्यंत चाळीस वर्षे उपदंश झालेल्या 399 काळ्या पुरुषांना नुसते पाहत ठेवले. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिले नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी क्षमा मागितली ती 1997 साली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात 1951 साली हेन्रिएटा लॅक्स ही एकतीस वर्षांची बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. तिला न विचारता घेतलेल्या तिच्या पेशी मेल्या नाहीत, अजून जगभर वाढत आहेत. ‘हेला’ म्हणून त्या प्रसिद्ध झाल्या आणि ही हेला म्हणजे कोणी हेलन लेन, असे बरीच वर्षे छापून येत राहिले. पोलिओची लस तपासण्यासाठी त्या पेशी ढिगांनी तयार करण्याचा कारखाना निघाला तो कुठे, तर टस्कीगीतच, 1953 साली. एकाच गावात एका काळ्या बाईच्या पेशी साऱ्या जगाच्या मुलांसाठी वाढवल्या जात होत्या आणि काळ्या पुरुषांना औषध नाकारले जात होते. असे कथेत लिहिले तर संपादक म्हणतील, फार जुळवून आणले आहे.

मी हे शेजारच्या बाईंपाशी काढले. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘टस्कीगीची गोष्ट मला आमच्या माणसांपेक्षा डॉक्टरांनीच जास्त वेळा ऐकवली आहे. प्रयोगात येता का, असं मात्र एकानंही विचारलं नाही.’’

पुढे 2021 साली सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी पस्तीस पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. ज्यांना प्रयोगात येता का असे प्रत्यक्ष विचारले, त्या काळ्या रोग्यांपैकी शंभरात अठ्ठावन्न हो म्हणाले, गोऱ्यांपैकी पंचावन्न. बाईंना मी तो आकडा फोनवर सांगितला. ‘‘हे शोधायला पैसे लागले?’’ एवढेच त्या म्हणाल्या.

पण तो फोन पुढचा. त्या हिवाळ्यात बाईंनी स्वतः होऊन डॉक्टरांना विचारले. भावाचे रक्त तपासले, आणि दार पुन्हा लागले. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी मायक्रोलिटरला 1500 तरी हव्यात, अशी प्रयोगाची अट होती; त्यांच्या निघाल्या 1300. बाईंनी घरून जुने कागद आणले. वीस वर्षांपूर्वी, रोगाचे नाव नव्हते तेव्हाही, आकडा तेवढाच होता. त्या काळात गडी ओझी वाहत होता, वर्षात एकदाही आजारी पडत नव्हता.

याचा उलगडा मोठा विलक्षण आहे. डफी हे एका रोग्याचे आडनाव. त्याच्यावरून 1950 साली एका रक्तगटाला नाव पडले. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक सर्व लोकांच्या तांबड्या पेशींवर हा डफी नसतो. तो नसला की व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाला पेशीत शिरायला सहसा दार सापडत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना दिवसाआड हुडहुडी भरवणारा ताप तो हाच. ज्यांच्या अंगी डफी नाही, त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिलही थोडे कमी फिरतात, पण त्याने त्यांचे काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश असे आहेत. पूर्वजांनी कमावलेली ही ढाल, आणि 1500 चा आकडा ज्यांच्या रक्तावरून ठरला त्यांच्यात ती नव्हती. रक्ततज्ज्ञ आता म्हणू लागले आहेत, की डफीची साधी तपासणी करून अट सैल करावी. आमच्या इस्पितळाने तेव्हा केली नाही. कागदावर आकडा बसला नाही, विषय संपला.

बसला असता तरी आठवड्याला दोन खेपा होत्या. त्यांना दोन बसगाड्या बदलून यावे लागे. बाईंची दिवसाची मजुरी बुडे. गरिबांच्या सरकारी विम्याने प्रयोगातल्या नेहमीच्या तपासण्यांचा खर्च दिलाच पाहिजे, हा केंद्राचा नियम 2022 पासूनचा. त्याआधी कित्येक राज्यांत तो मिळत नसे. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कर्करोग केंद्राने मात्र चर्चमध्ये जाऊन माहिती दिली, रोग्यांच्या जाण्यायेण्याची सोय केली, आणि उपचारांच्या प्रयोगांतले काळ्या रोग्यांचे प्रमाण 2014 ते 2018 या चार वर्षांत बारा टक्क्यांवरून चोवीसवर नेले. गाडी पाठवली की माणसे येतात. यात तत्त्वज्ञान फारसे नाही.

यांना ते औषध लागू पडले. सकाळी अजून स्वतः उठून चहा करतात, साखर जास्त घालतात. बाईंचे बंधू 2021 च्या ऑगस्टात गेले. त्या औषधाने ते वाचलेच असते असे मी म्हणत नाही. तसे कोणालाच म्हणता येणार नाही, कारण ते त्यांना दिले गेले नाही.

बाई आता रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चच्या तळघरात एक टेबल मांडून बसतात. कोणाच्या घरी कर्करोग निघाला की त्याला वहीच्या पानावर चार प्रश्न लिहून देतात. पहिला : या रोगावर कुठे प्रयोग चालू आहे का? दुसरा : मला त्यात का घेत नाही? तिसरा : माझी डफीची तपासणी झाली आहे का? चौथा : गाडी कोण पाठवणार? मी ते प्रश्न मराठीत उतरवून आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात वाटले. तिसरा आमच्या लोकांसाठी गाळावा, असे एका गृहस्थांनी सुचवले. मी गाळला नाही.