बिल्ला नंबर १४७

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. वयाच्या सेहेचाळीस वर्षांपर्यंत मीही ती चढलो नव्हतो. यात माझे शहाणपण किती आणि भांडण्याजोगी इस्टेट जवळ नसण्याचा भाग किती, हे मात्र मला सांगता येणार नाही. आमच्याकडे वडिलोपार्जित म्हणावे असे एकच आहे, ते म्हणजे वडिलांची स्कूटर. आजवर एकाही भावाने तिच्यावर हक्क सांगितलेला नाही, यावरून तिच्या प्रकृतीची कल्पना वाचकांना यावी.

आणि नेमकी याच स्कूटरपायी मला पायरी चढावी लागली.

त्याचे असे झाले. मी परभणीला एका बँकेत कारकून आहे. हल्ली कागदोपत्री आम्हाला ‘असोसिएट’ वगैरे म्हणू लागले आहेत. पण गिऱ्हाईक ज्या आवाजात हाक मारते, त्यात फरक पडलेला नाही. तर बँकेने मला एक दिवसाच्या ट्रेनिंगला छत्रपती संभाजीनगरला पाठवले. विषय होता, ‘ग्राहकांशी सौजन्याने कसे वागावे’. सकाळच्या गाडीने जाऊन रात्रीच्या गाडीने परत यायचे, म्हणून स्कूटर स्टेशनजवळच्या एका खाजगी स्टँडवर लावली. तिथल्या मामांनी एक पत्र्याचा बिल्ला हँडलला अडकवला, त्याचा जोडीदार माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “जपून ठेवा, सायब.”

इथेच घात झाला. मी सहज कुठेतरी टाकलेली वस्तू मला हमखास सापडते. जपून ठेवलेली मात्र आजतागायत सापडलेली नाही. लग्नातली अंगठी मी २००६ सालापासून जपून ठेवली आहे.

रात्री अकराला परत आलो. खिसे पाहिले, पाकीट पाहिले, जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला. बिल्ला नाही.

“मग दोनशे वीस द्या,” मामा म्हणाले. “वीस भाड्याचे, दोनशे दंडाचे.”

“दंड? तो कसला?”

मामांनी अंधारात बोट दाखवले. तिकडे उसाच्या रसाचा गाडा झाकून ठेवलेला होता. गाड्याचे फडके बाजूला केल्यावर मागे भिंतीवर एक पाटी दिसली. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते : ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर. बिल्ला हरवल्यास दंड रु. २००.’

मी गाडीची कागदपत्रे दाखवली, लायसन दाखवले, लायसनवरच्या फोटोसारखा चेहराही करून दाखवला. “मामा, गाडी माझीच आहे.”

“गाडी तुमचीच हाय की हो! तुमच्याबिगर हिला कोन नेनार? पन बिल्ला कुठं हाय?”

‘दीवार’मध्ये १९७५ साली अमिताभ बच्चनच्या ७८६ नंबरच्या बिल्ल्याने बंदुकीची गोळी अडवली होती. माझ्या १४७ नंबरच्या बिल्ल्याने स्कूटर अडवली. शेवटी मी पैसे दिले. पण पावती मागून घेतली आणि तिच्या दोन्ही प्रतींवर लिहिले, ‘दंडाच्या रकमेबद्दल हरकत राखून’.

“काय लिहायलात?” मामांनी विचारले.

“मला हे मान्य नाही, असं लिहितोय.”

“लिव्हा की. पैसे तर दिले ना!”

घरी आल्यावर सौ. म्हणाली, “अहो, दोनशे रुपयांसाठी झोप कशाला घालवता?” तिला कसे सांगावे? बँकेतल्या माणसाला पैसे गेल्याचे तेवढे दुःख नसते. ते कोणत्या खात्यात टाकायचे हे न कळल्याचे असते. हाताने लेजर लिहायच्या काळात आठ आण्यांच्या फरकासाठी अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत बसत असे. कोणी आपल्या खिशातले आठ आणे टाकून सुटका करून घेऊ म्हटले तर चालत नसे. फरक भरायचा नसतो, शोधायचा असतो. हे एकदा अंगात भिनले, की माणूस बाजारात, लग्नात आणि स्टँडवरही फरक शोधू लागतो.

रात्री दोनला उठलो आणि बी. कॉम.चे कायद्याचे जुने पुस्तक काढले. (ते सहज टाकलेले होते, त्यामुळे सापडले.) १८७२ सालचा करार कायदा आम्ही केवळ पस्तीस मार्कांपुरता वाचला होता. आता तो मी शनिमाहात्म्य वाचावे तसा वाचू लागलो. कलम १४८ सांगत होते, की ठराविक कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन केली, तर ते काम होताच ती परत करायची; याला निक्षेप म्हणतात. म्हणजे मी स्कूटर लावून गेलो नव्हतो, मी निक्षेप करून गेलो होतो! नुसत्या या शब्दाने मला निम्मे बरे वाटले. पुढे कलम ७४ आले. करार मोडल्यास किती रक्कम द्यायची हे दोघांनी आधीच ठरवले असले, तरी मिळते ती वाजवी भरपाई. ठरलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. म्हणजे दोनशे हे छत होते, आणि स्टँडवाल्याने ते जमीन म्हणून अंथरले होते.

सकाळी शेजारच्या वकीलसाहेबांना गाठले. ते म्हणाले, “ती ‘मालकाच्या जबाबदारीवर’ पाटी फार मनावर घेऊ नका. दिल्लीत एका बड्या हॉटेलातल्या माणसाच्या ताब्यात दिलेली मारुती १९९८ साली चोरीला गेली. हॉटेलही पावतीवरच्या असल्याच ओळीवर विसंबून होतं. २०१९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की गाडी ताब्यात घेतली की काळजी घ्यावीच लागेल, नुसती ओळ छापून सुटका नाही.”

मी खूश झालो. ते वकीलसाहेबांना बघवले नसावे. “पण दंडाचं सांगतो. इंग्लंडात चेम्सफर्डला एक मासे-बटाटे तळून विकणारा गृहस्थ होता. दोन तास फुकट असलेल्या पार्किंगमध्ये तो ५६ मिनिटं जास्त थांबला. कंपनीनं ८५ पौंड मागितले. तो तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढला.”

“आणि?”

“२०१५ साली हरला. तिथं पाट्या मोठ्या होत्या, ठळक होत्या, जागोजाग होत्या. वाचूनच लावली म्हणाले.”

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ऐकत मी मोठा झालो. त्यात इंग्लंडचा उल्लेख कुठेच नाही. शिवाय चेम्सफर्डला पाटीपुढे उसाच्या रसाचा गाडा नव्हता. मी लढायचे ठरवले.

वाचकहो, लढाई वाटते तितकी अवघड नाही. १९८६ सालच्या ग्राहक कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझे प्रकरण पाच लाखांच्या मर्यादेत चार लाख नव्व्याण्णव हजार आठशे रुपयांनी बसत होते.

आधी स्टँडच्या मालकाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर आले नाही. मग तक्रार लिहिली. टायपिंग, झेरॉक्स, पोस्ट आणि टायपिस्टला पाजलेला चहा मिळून तीनशे सेहेचाळीस रुपये झाले. सौ.ने हिशेबाची वही पाहिली आणि काही न बोलता मिटली. एरवी ती बोलते. त्या दिवशी बोलली असती तर बरे झाले असते.

पहिल्या तारखेला आम्हाला विचारण्यात आले, की आपसात मिटण्यासारखे आहे, तर मध्यस्थीला जाणार का? नव्या कायद्यात ही सोय आहे. दोघांनी लेखी संमती द्यायची, मध्यस्थापुढे बसायचे, मिटले तर आयोग त्याप्रमाणे हुकूम करतो; नाही मिटले तर तक्रार पुढे चालू. मी जरा हिरमुसलो. मला कलम ७४ उभे राहून म्हणायचे होते आणि मध्यस्थीला तर सगळे बसलेले असतात. पण सही केली. तिथे बोललेले बाहेर बोलायचे नसते, म्हणून हे सांगताना मालक आणि मामा या दोघांची परवानगी घेतलेली आहे. मामांनी “नाव नका टाकू” एवढीच अट घातली.

मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. टेबलाच्या पलीकडे मालक बसले होते आणि त्यांच्या बाजूला खुर्चीच्या अगदी कडेवर मामा. बाई म्हणाल्या, “कलमं मला पाठ आहेत. काय झालं ते सांगा.” माझी रात्र रात्र केलेली तयारी एका वाक्यात वाया गेली.

मी सांगितले. पाटीचे सांगितले, गाड्याचे सांगितले. मग बाईंनी मामांना विचारले, “तुम्हाला काही बोलायचंय?”

मामांनी माझ्याकडे पाहिले. “सायब, तुम्ही मला वळखलं नाही. तुमच्याच खिडकीवर माझं खातं हाय.”

मी ओळखले नव्हते. खिडकीतून माणसाचा हात आणि पासबुक तेवढे दिसते.

“मागं खात्यात पैसे कमी झाले म्हनून तुम्ही दंड कापला. मी इचारलं, कामून कापला? तुम्ही म्हनलात, नियम हाय. नियम कुठं लिव्हलाय? तर म्हनलात, खातं उघडताना सही केली त्या फॉर्मावर. सायब, त्या फॉर्मावरलं कुनाला वाचता येतंय का?”

माझ्या डोळ्यांपुढे उसाच्या रसाचा गाडा उभा राहिला. या वेळी गाड्याच्या मागे नाही, पुढे मीच उभा होतो.

मी खाकरलो आणि म्हणालो, की रिझर्व्ह बँकेने २०१४ सालीच सांगितले आहे. शिल्लक कमी झाली तर खातेदाराला आधी कळवायचे, भरायला महिनाभर मुदत द्यायची आणि आकार घ्यायचा तो जितकी रक्कम कमी पडली असेल तिच्या प्रमाणात.

“जितकी कमी पडली तिच्या प्रमाणात,” बाई शांतपणे म्हणाल्या. “चांगला नियम आहे. मग बिल्ल्यालाही तोच लावू या? मालक, नवा बिल्ला करायला किती पडतात?”

“जोडीला तीस.”

“मग दोनशे कशाचे?”

“लोकांनी जपून ठेवावा म्हणून, मॅडम. उद्या कोणी दुसऱ्याचीच गाडी घेऊन गेला तर?”

“त्याला कागदपत्रं बघता येतात. यांनी दाखवली होती. मामा, तुम्ही बघितली नाहीत?”

मामा खाली बघत म्हणाले, “बघितली. पन रात्री बिल्ले मोजून द्यावं लागतंय. एक कमी भरला की माझ्या रोजातून शंभर कापतेत. सायबाला तसंच सोडलं असतं तर मला कोन सोडलं असतं?”

यावर कोणीच काही बोलले नाही. मालकांनी चष्मा पुसायला घेतला. मला मात्र माझे कॅशवरचे पहिले वर्ष आठवले. एका संध्याकाळी पाचशे रुपये कमी आले होते. तीनदा मोजले, चौथ्यांदा मोजले, शेवटी पगारातून भरले. आमच्या धंद्यात कॅश कमी आली तर कॅशियरने भरायची, हा नियम आहे. त्या रात्री मी जेवलो नव्हतो. इतके दिवस मी फरक शोधत होतो. तो मामांच्या रोजात निघेल, असे वाटले नव्हते.

अर्ध्या तासात मिटले. बिल्ल्याचे तीस रुपये माझे, एकशे सत्तर मला परत. पाटी नवी आणि रसाच्या गाड्याच्या पुढे : ‘बिल्ला हरवल्यास रु. ३० भरून व कागदपत्रे दाखवून गाडी न्यावी.’ हरवलेल्या बिल्ल्यापोटी मामांच्या रोजातून काही कापायचे नाही, हे शेवटचे कलम मी घालायला लावले. माझ्या खर्चाचे तीनशे सेहेचाळीस मी सोडून दिले. मालकांनी बाहेर आल्यावर सर्वांना चहा पाजला, तो वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी मामांचे खाते उघडून पाहिले. शिल्लक कमी झाल्याचा निरोप बँकेने पाठवला होता. पण तो मामांच्या जुन्या, बंद पडलेल्या मोबाईलवर. मी मॅनेजरसाहेबांकडे टिपण ठेवले. कापलेली रक्कम परत जमा झाली आणि मामांचे खाते किमान शिल्लक न लागणाऱ्या बेसिक बचत खात्यात बदलून दिले. हे सगळे अर्ज भरून होते. फक्त अर्ज असतो हे खिडकीच्या आतल्या माणसालाच माहीत असते.

सौ.ने वहीत अंतिम हिशेब मांडला. “दोनशे रुपये गेले होते, ते आता तीनशे शहात्तर झाले. अजून एखादी केस जिंकलात तर स्कूटर विकावी लागेल.”

विकण्याची वेळ आली नाही. पण दोन महिन्यांनी दुरुस्तीला न्यावी लागली. मेकॅनिकने हँडलखालची डिकी रिकामी करताना जुने फडके झटकले आणि ठण्णकन आवाज आला. बिल्ला नंबर १४७! ज्या गाडीसाठी बिल्ला लागतो त्या गाडीतच मी तो जपून, कुलूप लावून ठेवला होता. म्हणजे त्या दिवशी बिल्ला हरवलेला नव्हताच. दिवसभर तो स्कूटरसह त्यांच्याच ताब्यात होता. निक्षेपात!

संध्याकाळी स्टँडवर गेलो आणि बिल्ला मामांच्या हातावर ठेवला. मामांनी तो उलटापालटा करून पाहिला, पोट धरून हसले आणि परत माझ्या हातात दिला.

“राहू द्या, सायब. एकशे सत्तेचाळीस नवा करून आनला. आता ह्यो घेतला तर रात्री एक जास्त भरंल.”

हे मला लगेच पटले. कमी आलेल्या कॅशपेक्षा जास्त आलेली कॅश वाईट. कमी आलेली भरता तरी येते. जास्त आलेली कोणाची, हे शोधण्यात रात्र जाते.

तेव्हापासून तो बिल्ला आमच्या दाराजवळच्या खिळ्याला लटकतो आहे. जपून ठेवलेला नाही.