मागीलदार

न्हाणी पाडल्याचा फोटो दादाने गेल्या वैशाखात पाठवला. "गणपतीला गाड्या लावायला जागा झाली," एवढंच खाली लिहिलेलं. फोटोत लाल मातीचा एक चौकोन, कडेला रचून ठेवलेले चिरे आणि अंगणभर पसरलेले नवे करडे पेव्हर ब्लॉक. न्हाणीमागचा माड पहिल्यांदाच बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसत होता. मी फोन ठेवला, आणि डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावर मला सोडणांचा धूर आला. अर्धवट ओल्या सोडणांचा, डोळ्यांना झोंबणारा धूर, हंड्याचं तापलेलं तांबं, आणि त्या दोहोंवर लाइफबॉयचा वास. रात्री उशिरापर्यंत तो गेला नाही.

घर दापोली तालुक्यात. काका थोरले, ते शेतीवर राहिले. बाबा परळला गिरणीत, साचेखात्यात मागावर. पैसा एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला, त्यामुळे आमच्या घरात जे काही सुधारलं ते मनीऑर्डरने सुधारलं. कुपनावर बाबा बारीक अक्षरात लिहीत, हे ओटीच्या फरशीला, हे कौलांना. काकांनी ती सगळी कुपनं एका तारेला टोचून माजघराच्या खुंटीला अडकवली होती. काका गेल्यावर मी ती तार उतरवली आणि कुपनं तारखेनुसार लावली. आधी ओटीवर शहाबादी फरशी. मग पडवीचा कठडा. मग पुढच्या पाखीचे नळे काढून मंगलोरी कौलं. मागच्या पाखीवर नळेच राहिले. मग गडग्याच्या जागी, पुढच्याच बाजूला, चिऱ्यांची बांधीव भिंत. मग फाटक. कुपनं संपत आली तरी माजघराच्या पलीकडे काही जाईना. चाकरमानी पाणंदीतून येतो, त्याला घर समोरून दिसतं, आणि त्याला दिसतं तेवढं तो सुधारतो. मागीलदारी चूल, जातं, डोण, राखेचा ढीग, आणि तिथे दिवसभर राहणाऱ्या बायका.

त्या फाटकावर माझा राग आहे. आजही आहे.

त्याआधी तिथे बेडं होतं. दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब आणि त्यांत सरकवलेले आडवे बांबू. दिवसा वरचे बांबू काढून ठेवायचे, सर्वांत खालचा तेवढा असायचा, तो ओलांडून माणूस आत येई. विहीर वाडीच्या टोकाला, घाटी उतरून. काकी डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि काखेत दुसरी कळशी घेऊन ती घाटी चढायची आणि बांबूवरून पाय टाकून सरळ मागीलदारी जायची. तिचा तोल मी कधी गेलेला पाहिला नाही.

एका मे महिन्यात लोखंडी फाटक आलं. हिरवा रंग, वर अर्धा उगवता सूर्य आणि त्याचे सळ्यांचे किरण. बाबांनी ते स्वतः उभं राहून बसवून घेतलं. काम झाल्यावर सगळे पुरुष ओटीवर चहाला बसले. आजोबा होते, गावातले दोघे-तिघे होते. मी झोपाळ्यावर होतो. मला फाटकाच्या किरणांमधून काकी दिसली. ती बाहेर उभी होती. कडी आतून घातलेली होती, आणि तिचे दोन्ही हात पाण्याला लागलेले. तिने हाक मारली नाही. सासऱ्यांसमोर, परक्या माणसांसमोर ती मोठ्याने बोलत नसे. कळशीतलं पाणी हिंदकळून तिच्या कपाळावरून खाली येत होतं, तेही तिला पुसता येत नव्हतं. ओटीवर गप्पा चालल्या होत्या त्या फाटकाच्याच, किती जाड सळई, किती वर्षं टिकेल. मी धावत जाऊन कडी काढली. रंग ओला होता, माझी बोटं हिरवी झाली. काकी तिरकी होऊन आत आली आणि जाता जाता म्हणाली, "हात पूस रे लवकर, आई वरडंल."

ती किती वेळ तिथे उभी होती, हे माझ्या मनातून निघत नाही.

अंगणाची गोष्ट वेगळी. अंगण दरवर्षी नवं होई आणि त्याला कुपन लागत नसे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलून ते दिवाळीपर्यंत शेवाळलेलं, खडे उघडे पडलेलं असायचं. मग जमीन करायची. वरचा थर उकरायचा, माती भिजवायची, पसरायची, आणि ओलसर असतानाच चोपण्याने चोपायची. दुपारभर तो धप्प धप्प आवाज वाडीत एका घरातून दुसऱ्या घरात जाई. मग शेणाचं सारवण. आजी त्यात नारळाच्या करवंटीच्या कोळशाची पूड घाली. पुढे बॅटरीचे संपलेले सेल फोडून त्यातला काळा मसाला घालू लागली. काळंभोर, गार अंगण. वर माटव चढला की शिमग्यापर्यंत ते घराचं सर्वांत मोठं दालन असे. पहिल्या पावसाआधी माटव उतरवायचा आणि अंगण पावसाच्या स्वाधीन करायचं. घरातली ही एकच जागा अशी होती की ती बायकांनी आणि पुरुषांनी मिळून केलेली असे, आणि ती कायमची व्हावी असं कुणाला वाटत नसे.

न्हाणीचं कुपन शेवटच्या काही कुपनांतलं. 1981 च्या दिवाळीनंतरचं. तोवर घरातल्या बायका झापांच्या आडोशाला, उजाडायच्या आत अंघोळी उरकत. आईने पुष्कळ वर्षं लावून धरलं होतं, तेव्हा कुठे बाबांनी लिहिलं, हे न्हाणीला. चार भिंती उठल्या, आतून कमरेएवढा गिलावा झाला, आणि 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला.

त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि संप मागे घेतल्याचं रीतसर कधी कुणी जाहीर केलंच नाही. पण गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा होता, आणि त्या माणसांची घरं कोकणात होती. आमच्याच वाडीत त्या वर्षी थांबलेली कामं मी दाखवू शकेन. एका घराचा चौथरा आहे, त्यावर घर नाही. एका पडवीला तीन खांब आहेत. आमच्या न्हाणीच्या भिंती आतून कमरेपर्यंत सिमेंटच्या आणि वर उघडा चिरा, अशाच पाडेपर्यंत राहिल्या.

मुंबईत बसून काय खायचं, म्हणून बाबा आम्हाला घेऊन गावी आले. साचेखात्यातला तो माणूस पहिले काही दिवस ओटीवर नुसता बसून असायचा, हात मांडीवर ठेवून. मग एका सकाळी त्यांनी न्हाणीवर वासे टाकले, झाप बांधले, आणि आत चुलाण घालायला बसले. त्यांना ते काम येत नव्हतं. काकी दाराशी उभी राहून सांगायची, तोंड एवढंच ठेवा भावजी, धूर मागल्या अंगाला जायला वाट ठेवा, आणि बाबा माती थापायचे. मी माती तुडवून देत होतो. काकीचा आवाज इतका मोकळा मी आधी ऐकला नव्हता. हंडा बसवला तेव्हा तो किंचित कलला, तेव्हा तिने सोडणाचा एक तुकडा खाली सारून तो नीट केला. बाबांनी पैशाने घराचं पुढचं अंग सुधारलं. मागच्या बाजूला त्यांच्या स्वतःच्या हातचं असं एवढंच होतं.

विहिरीवर मोटार आली ती दादाच्या पगारावर, पुष्कळ नंतर. पाइप घाटी चढून वर आला आणि पहिला नळ बसला तो फाटकाशेजारी, आल्यागेल्याला पाय धुवायला. स्वयंपाकघरात नळ यायला त्यानंतर आणखी काही वर्षं जावी लागली. काकी तोपर्यंत त्या पुढच्या नळावरून भरून मागे नेत होती. घाटी सुटली, एवढं खरं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि पुढची पाखी उघडी झाली. मला जायला मिळालं तेव्हा कौलांचा खच गडग्याला लावून ठेवला होता. एका तुकड्याच्या पाठीवर मंगलोरच्या कारखान्याची इंग्रजी अक्षरं होती. बासेल मिशनच्या जर्मन आणि स्विस पाद्र्यांनी 1865 मध्ये मंगलोरला कौलांचा पहिला कारखाना काढला. धर्म बदलला म्हणून ज्यांना जातीने बाहेर काढलं, त्यांच्या हाताला काम हवं होतं. त्याच मिशनने विणकामाचे मागही चालवले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी शत्रूची मालमत्ता म्हणून कारखाने ताब्यात घेतले, तोवर इतरांनीही कारखाने घातले होते आणि ही कौलं गलबतांतून किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांत उतरू लागली होती. एकात एक अडकणारी, चुन्यामातीशिवाय बसणारी. ज्यांना गाव तुटलं त्यांच्यासाठी निघालेल्या भट्ट्यांतली कौलं, आणि गाव तुटू नये म्हणून माग चालवणारे बाबा. तो तुकडा मी पुष्कळ वेळ हातात धरून होतो.

आता पत्रे आहेत. वादळानंतर कौलं मिळत नव्हती आणि पाऊस तोंडावर होता, दादाने केलं ते बरोबरच केलं. काकी पत्र्याखाली एकच पावसाळा राहिली. आवाजाने तिला झोप लागत नसे.

पेव्हर ब्लॉकना मात्र मी मनातून माफ करू शकत नाही. पूर्वी अंगण पाणी पिऊन घेई, आता ते ब्लॉकवरून घसरत फाटकाखालून पाणंदीत जातं आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाहीच, त्यात आम्ही तिचं तोंडही बंद केलं. हे मी दादाला बोललो तर तो गप्प राहिला. बोलली वहिनी. ती अंगणवाडीत जाते, हिशोबाला पक्की. तिने फोनवर मला मांडून दाखवलं: छप्पर हजार चौरस फुटांचं, पाऊस तीन मीटर, म्हणजे वर्षाला पावणेतीन लाख लिटर पाणी आपण पाणंदीत सोडतो. त्यातलं वीस हजार लिटर धरलं तरी मे महिना निघेल. तिला टाकी हवी आहे, मागीलदारी, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. दादाचं म्हणणं, पुढे अंगणाखाली बांधू, वरून ब्लॉक बसतील, दिसणार नाही.

"उपसायला कोण जाणार आहे पुढे?" वहिनी म्हणाली. दादा तिथेच बसला असावा, कारण पलीकडून उत्तर आलं नाही.

मी पैसे त्याच रात्री पाठवले, वहिनीच्या खात्यावर. दिवाळीनंतर गवंडी मोकळा होतो, तोवर खड्ड्याची आखणी करून ठेवते, असं ती म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला: "भावजी, पैसे मिळाले. पन्हळीचे वेगळे लागतील, ते यात धरलेले नाहीत. मागच्या पाखीला आधी लावते, पुढची नंतर बघू."