वीस मिनिटांचे आंधळेपण

शिरूरला, घोडनदीच्या काठी, ज्या महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो तेथे गेल्या पावसाळ्यात दोन दिवसांचे एक प्रशिक्षण झाले. विषय होता कार्यस्थळाची सुगम्यता आणि दिव्यांग सहकाऱ्यांचा समावेश. परिपत्रकातून आलेल्या शब्दांकडे साहित्याचा मास्तर जरा नाक मुरडूनच पाहतो. 'सुगम्यता'कडे आम्हीही तसेच पाहिले.

प्रशिक्षणाचे निमित्त मात्र आमच्याच विभागातले होते. वर्षभरापूर्वी राखीव जागेवर एक तरुण सहकारी रुजू झाले. जन्मांध. राहायला दौंडला. मनमाडकडून येणारी रेल्वे जेथे पुणे-सोलापूर मार्गाला मिळते, त्या गावाहून शिरूरला थेट रेल्वे नाही. म्हणून हे गृहस्थ भल्या सकाळी निघत, पाटसवरून चौफुल्याला येत, तेथे गाडी बदलून न्हावऱ्यामार्गे शिरूर गाठत आणि पहिल्या तासाला वर्गात हजर असत. उशीर होई तो गावातच राहणाऱ्या आम्हाला.

प्रशिक्षणार्थींची यादी करण्याचे काम आमच्याकडे होते. त्या यादीत आम्ही त्यांचे नाव घातले नाही. सुटीच्या दोन दिवशी त्यांना एवढ्या लांबून कशाला ओढायचे, आणि यात जे सांगणार ते त्यांना ठाऊकच असणार, असा आमचा विचार. त्यांना विचारावे असे मनात आले नाही. आपण समजूतदारपणा दाखवला असेच त्या वेळी वाटत होते.

पहिला दिवस कायद्याचा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले; सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेले; प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर केले पाहिजे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून भागणार नाही, त्यांतले काही बंधनकारक हवेत. दुपारी प्रशिक्षकांनी टेप घेऊन आमच्या प्रवेशद्वारापाशीचा उतार मोजला. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे त्याचे माप. आमचा उतार दोन फूट चढत होता आणि नऊ फुटांत संपत होता. नॅकच्या समितीपूर्वी घाईने बांधलेला. त्यावरून चाकाची खुर्ची चढवायला ढकलणारे दोघे लागले असते. आम्ही त्याच्यावर रोज मोटारसायकल चढवतो.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांना पट्ट्या बांधून वीस मिनिटे इमारतीत फिरायचे होते. आम्ही ग्रंथालयाच्या दारावर आपटलो, कोणाच्या तरी खांद्याला धरून राहिलो. पट्टी सोडल्यावर बऱ्याच जणांचे डोळे ओले होते. 'आज खरे कळले' असे आम्ही अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले.

सोमवारी हे सारे आम्ही त्या सहकाऱ्यांना सांगितले, जरा भारावूनच. ते हसले. म्हणाले, "सर, तुम्ही वीस मिनिटांपूर्वी आंधळे झालात, म्हणून घाबरलात. मला एकतीस वर्षांची सवय आहे. तुम्हाला कळली ती तुमची भीती." मग थोडे थांबून, "मला यादीत घेतले असते तर आलो असतो. मला एक गोष्ट सांगायची होती."

त्यांनी लॅपटॉप उघडला. एका ऑस्ट्रेलियन अंध प्रोग्रामराने २००६ साली सुरू केलेला, फुकट मिळणारा एनव्हीडीए हा पडदावाचक त्यांच्याकडे आहे. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. रुजू झाल्या दिवशी आम्ही आमची चौदा वर्षांची टिपणे त्यांना मोठ्या कौतुकाने पेनड्राइव्हवर दिली होती. त्यांतले एक त्यांनी लावले. यंत्र इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे बडबडू लागले. मराठीचा एक शब्द नाही.

आमची टिपणे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी नुसते देवनागरीचे चित्र बसवलेले असते. डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला दिसते ते इंग्रजीच. मग वर्षभर शिकवले कशावरून? दौंडला रात्री त्यांची पत्नी छापील प्रत वाचून दाखवी आणि ते ब्रेलमध्ये उतरवून घेत. आम्हाला का नाही सांगितले, असे आम्ही विचारले. "नव्या माणसाने येताच तक्रार कशी करायची?" ते म्हणाले. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

तेव्हापासून टिपणे युनिकोडमध्ये आणणे चालू आहे. ग्रंथपालांनी शंका काढली, की पुस्तके स्कॅन करून दिली तर कॉपीराइटचे काय? २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी अशी सुलभ प्रत करायला मोकळीक दिली आहे, आणि त्याच आशयाचा माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला, हे आम्हाला त्यांनीच सांगितले. आम्ही साहित्याचे प्राध्यापक, आणि पुस्तक कोणापर्यंत पोचू शकते याचा कायदा आम्हाला ठाऊक नव्हता.

आणखी एक. नाथांची भारुडे शिकवताना बहिरा, मुका म्हणजे अज्ञानी जीव, असे रूपक आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. या सहकाऱ्यांचा तास एकदा दाराबाहेरून ऐकला. ते मुलांना विचारत होते, की या भारुडांत 'मी' म्हणून कोण बोलतो? बहिरा स्वतः बोलतो, मुका स्वतः बोलतो. त्याच्याविषयी दुसरा कोणी बोलत नाही. रूपकाचा अर्थ त्यांनी नाकारला नाही, पण आधी त्या बोलणाऱ्यापाशी मुलांना थांबवले. आमच्या टिपणात हे वाक्य नाही.

फॉन्ट बदलणारी प्रणाली जोडाक्षरांत घोटाळे करते. डोळ्यांना ते निसटतात, कानाला निसटत नाहीत, त्यामुळे मुद्रितशोधन त्यांच्याकडे आहे. परवा संध्याकाळी चौफुल्याहून त्यांचा फोन आला. मागे गाड्यांचा गलका होता, दौंडची गाडी यायची होती.

"सर, तिसऱ्या पानावर यजमानांनी आचार्यांना बोलावले, की आचाऱ्यांना?"

आम्ही जुनी छापील प्रत काढून पाहिली. आचाऱ्यांना होते.