नवऱ्याची सही कोणत्या कायद्यात आहे?

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्या स्टेजवरून बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी काय केले ते सांगितले जाते. हिंदू कोड बिल, १९५१ चा राजीनामा, बाळंतपणाची रजा. सगळे खरे आहे. पण १० नोव्हेंबर १९३८ ही तारीख मी चळवळीत आल्यापासून एकाही भाषणात ऐकलेली नाही. त्या दिवशी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेब हजर नव्हते, म्हणून त्यांचे म्हणणे पी. जे. रोहम यांनी मांडले. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एका मुलापलीकडे कोणी गेला नसता, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हाही वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेबच.

हा वारसा आपण बाजूला ठेवला आहे. त्याची किंमत कोण मोजते ते मी वस्तीतल्या बायांसोबत दवाखान्यात जाते तेव्हा दिसते.

आमच्या वस्तीतली एक बाई. धुणीभांडी करते, पदरात दोन मुले. नवरा कामाला म्हणून परगावी गेला, तो महिनोन्‌महिने फिरकत नाही. आला की मारतो. सुट्टीला येऊन गेला आणि हिला दिवस राहिले. नववा आठवडा होता. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "नवऱ्याला घेऊन या, सही लागते." दुसऱ्या खेपेला सांगितले, "आधी ऑपरेशनला हो म्हण, मग पिशवी साफ करू." ती मला म्हणाली, "ताई, पोट माझं, आन् सही त्याची?" तिसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना म्हटले, सही लागते हे आम्हाला लेखी द्या. लेखी कोणी दिले नाही. काम मात्र त्याच दिवशी झाले. तोवर तिचे तीन खाडे पडले होते आणि एक घर सुटले होते.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. १८ च्या आतली मुलगी किंवा मानसिक आजार असलेली स्त्री असेल तरच पालकाची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांमध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क दिला आणि घरच्यांची संमती मागण्यासारख्या कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, हेही सांगितले.

तरीही हा पुरा हक्क नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये गर्भपात आजही गुन्हा आहे, आणि १९७१ चा कायदा म्हणजे त्या गुन्ह्यातून दिलेली सूट आहे. शेवटचा शब्द डॉक्टरचा. डॉक्टर कोण, त्याच्यासमोर बसलेली बाई कोण, हे ज्या देशात जात ठरवते, तिथे या सवलतीचा अर्थ प्रत्येक बाईसाठी सारखा राहत नाही.

ऑपरेशनच्या अटीचेही तसेच. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायांची नसबंदी उरकली; १३ बाया मेल्या. त्या गरिबाघरच्या, दलित, आदिवासी, मागास बाया होत्या. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाला अशी शिबिरे बंद करायला सांगावे लागले. म्हणजे घर म्हणते मुलगा होईपर्यंत थांबू नको, आणि सरकार म्हणते टाके घालून घे. दोघेही तिला विचारत नाहीत.

आपले काही भाऊ म्हणतात, गर्भपाताचा हक्क हे शिकल्यासवरल्या सवर्ण बायांचे फॅड आहे, आपली संख्या घटेल. भाऊ, पैसेवाली बाई खासगी दवाखान्यात पैसे मोजून मोकळी होते. अडते ती आपली. आणि संख्येसाठी बाळंतपणे कोणाच्या अंगावर काढायची, हे ती ठरवेल.

दुसरी गल्लत जयंतीच्या पोस्टरवर दिसते. 'भ्रूणहत्या पाप आहे' असे आपणही छापतो. लिंगनिदान करणे गुन्हा आहे, त्यासाठी १९९४ चा वेगळा कायदा आहे आणि तो कडकच हवा. पण सरसकट 'हत्या' म्हटले की गर्भपात करणारी प्रत्येक बाई खुनी ठरते. पाप-पुण्याची ही भाषा आपण १९५६ ला सोडली. ती मागच्या दाराने घरात घेऊ नका.

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच. प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक अभ्यासवर्गात हा कायदा वाचून दाखवा. दवाखान्याने सही मागितली तर कलम विचारा, नकार दिला तर लेखी मागा, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करा. बाईचे नाव मात्र कुठेही उघड करू नका. गोपनीयता हाही तिचा कायदेशीर हक्क आहे.

१९३८ ला ठराव हरला. तो जिंकायचे काम आपल्याकडे बाकी आहे.

जय भीम.