मूळचे कुठले?

सुट्टीत आम्ही कुणकेश्वरला गेलो होतो. मी उर्दू-मराठीचा शिक्षक, गणित माझा विषय नाही. पण आठवीतल्या माझ्या लेकीला गणिताचं वेड. किनाऱ्यावर ती गप्पच होती. मग म्हणाली, "अब्बा, वर्गात मुली विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? घरी उर्दू बोलता, मग मराठी कशी येते? काय सांगू?"

हा प्रश्न मलाही आयुष्यभर विचारला गेलाय. मी नेहमी भागाकार करूनच उत्तर दिलं: घरात उर्दू, बाजारात मालवणी, शाळेत मराठी. ते तिला सांगावंसं वाटेना. काटकीनं ओल्या वाळूत एक संख्या लिहिली: २१४७४८३६४७.

दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की ही मिळते. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, याशिवाय तिला कशानंही भाग जात नाही. १७७२ मध्ये ऑयलरनं हे सिद्ध केलं, तेव्हा त्याची नजर जवळजवळ गेली होती. तिचा भाजक असलाच, तर त्याला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरेल, एवढं त्यानं दाखवलं. मग तपासायला थोड्याच संख्या उरल्या. त्यातल्या एकीनंही भाग गेला नाही.

"म्हणजे एकटीच," लेक म्हणाली.

मग मी तिला देवळालीच्या द. रा. कापरेकर गुरुजींबद्दल सांगितलं. तेही शाळामास्तरच. १९४९ मध्ये त्यांनी वेगळाच प्रश्न मांडला. संख्येत तिचेच अंक मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४, म्हणून २१ हा २४ चा जनक. जिला जनकच नाही, ती स्वयंभू. २० स्वयंभू, ५३ आणि ९७ तर मूळही आणि स्वयंभूही.

"मग ही?"

"शोध."

संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ नं भागल्यावर बाकी सारखीच उरते. आमच्या संख्येची बाकी १. म्हणजे जनकाच्या बाकीची दुप्पट करून ९ नं भागल्यावर १ उरायला हवा, म्हणून ती बाकी ५. अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१ अशीच असणार. पहिले चार प्रयत्न फसले. पाचव्यांदा तिनं ४१ वजा केले: २१४७४८३६०६. अंकांची बेरीज केली, बरोब्बर ४१! ती वाळूत उडीच मारून उठली. भागाकारात जिला कुणी नव्हतं, तिला बेरजेत जनक मिळाला होता.

परतताना मी तिला देवळाची आख्यायिका सांगितली. वादळात सापडलेल्या एका अरब खलाशाला इथला उजेड दिसला, तो वाचला आणि त्यानं नवस फेडायला हे देऊळ बांधलं, असं गावात सांगतात. तिनं मागे वळून कळसाकडे पाहिलं, बोलली काही नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस गं मुलींना?"

"मूळची इथलीच, म्हटलं. आणि त्यांना जनक शोधायला एक संख्या दिली."