एका मजलेची वाट

आपल्या भाषेने अंतर मोजताना पुष्कळदा वेळच मोजला आहे. ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’पासून आला, अर्थ, एका दिवसात तोडायची वाट. डोंगरात मजल आखूड, सपाटीवर लांब. वर्गात हा शब्द समजावून सांगितला की मुले हसतात. ज्याची लांबी बदलते ते माप कसले, असे त्यांना वाटते.

लंडन ते मुंबई हे अंतर सरळ हवाई रेषेने सुमारे ७,२०० किलोमीटर. पूर्वी आगबोटीने सुएझमार्गे या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोचले. आज तीच वाट नऊ-दहा तासांत संपते. त्यातही लंडनहून येताना वेळ थोडा कमीच लागतो. उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला पाठीमागून रेटा देतात.

हा हिशेब एकदा आमच्या घरी मांडावा लागला. सोनईला माझे चुलते, नाना, जानेवारीत पहाटे चारला गेले. एकुलता एक मुलगा लंडनला. तेथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्याला विमान मिळाले ते सकाळी दहाचे, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. मुंबईला उतरेपर्यंत मध्यरात्र उलटणार. शिर्डीला २०१७ सालापासून विमानतळ आहे खरे, पण लंडनचे विमान काही तेथे उतरत नाही. तेव्हा मुंबईपासून पुढे मोटारीने आणखी सहा-सात तास.

आमच्याकडे प्रेत रात्रभर ठेवीत नाहीत. ओट्यावर बसलेली भावकी चुळबुळ करू लागली. “पोराला फोनवर दर्शन घडवू, अग्नी पुतण्या देईल,” असे ठरत आले. पुतण्या म्हणजे मी. माझ्यासाठी मडकेही आणून ठेवले होते.

नानांची थोरली बहीण, आमची आत्या, भिंतीशी टेकून बसली होती. तिने मला जवळ बोलावले.

“किती येळ लागंल रं त्याला?”

मी तास मोजून सांगितले.

“म्हंजी उद्या न्याहारीच्या वक्ताला. एका मजलेची तर वाट हाय. थांबायचं.”

तिच्यापुढे कोणी बोलले नाही. नगरहून शीतपेटी आली. रात्रभर बायका दिव्यापाशी बसल्या, पुरुष अंगणातल्या शेकोटीपाशी. विमानाने जग जवळ आणले असे आपण म्हणतो. पण कोणी थांबायला तयार नसेल, तर नऊ तासही फार होतात.

सकाळी पावणेनऊला मोटार दाराशी आली. तो अंगातल्या जाड कोटासकट बापाच्या पायांवर पडला. तासाभराने आम्ही निघालो, तेव्हा मडके त्याच्या हातात होते आणि मी मागून चालत होतो.