पेंड, बुरशी आणि आम्ही तिघी

'बुरशीतील लायपेज विकराचे शुद्धीकरण व गुणधर्म.' आमच्या प्रोजेक्टचं हे नाव बोर्डावर लागलं आणि मेकॅनिकलच्या एका महाशयांनी विचारलं, "बुरशी शुद्ध कशी करतात? गंगाजल शिंपडून?" मित्रांनो, हा लेख त्यांच्यासाठी! विकर म्हणजे एन्झाइम. मी कॉन्व्हेंटवाली, मलाही हा शब्द डिक्शनरीतच सापडला, तेव्हा हसू नका.

शुद्ध करायचं असतं ते बुरशीला नाही, तर तिने बाहेर सोडलेल्या एका प्रथिनाला. आमची बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर, काळी. पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम या संग्रहातून ती काचेच्या नळीतून आली. सांगलीत आम्ही तिला शेंगदाण्याची पेंड खाऊ घातली. पेंडीत थोडं तेल उरलेलं असतं, ते पचवायला ती लायपेज सोडते. साताऱ्याला आजीला हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, बुरशी धरलेली पेंड आम्ही म्हशीलासुद्धा घालत नाही, आणि तुम्ही मुद्दाम वाढवता?" आजीचं बरोबरच आहे. शेंगदाण्यावर येणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. म्हणून तर ओळखीची, नाव-नंबर असलेली बुरशी मागवायची.

पाचव्या दिवशी पेंड काळी होते. मग ती बफरमध्ये ढवळायची, फडक्यातून गाळायची, आणि त्या गढूळ पाण्यात बर्फावर ठेवून चिमूट-चिमूट अमोनियम सल्फेट टाकायचं. हो, शेतात खत म्हणून टाकतात तेच. मीठ वाढलं की प्रथिनं साका होऊन खाली बसतात. तो साका पातळ पिशवीत भरून रात्रभर मीठ धुऊन काढायचं, मग कॉलम. प्रत्येक टप्प्यावर विकर जिवंत आहे का हे बघायला एक रसायन टाकतात. लायपेजने ते तोडलं की नळी हळदीसारखी पिवळी होते. सांगलीत राहून दुसरी कुठली उपमा सुचणार!

पण मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. शुद्ध करणं म्हणजे गमावणं. प्रत्येक टप्प्यावर फक्त 30 टक्के विकर वाया गेलं असं धरा. चार टप्प्यांनंतर हातात 24 टक्के उरतं. बादलीने सुरू करा, टेस्ट ट्यूबच्या तळाशी संपवा.

एवढा खटाटोप कशाला? लायपेज पाण्यात चरबी तोडतं. पण पाणी जवळजवळ काढून टाकलं तर तेच उलट काम करतं, आम्ल आणि अल्कोहोल जोडून एस्टर बनवतं. 1984 साली झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी दाखवलं की डुकराच्या स्वादुपिंडातलं लायपेज कोरड्या द्रावकात 100 अंशांनाही काम करतं. आज उद्योगात गाजलेलं लायपेज अंटार्क्टिकात सापडलेल्या एका यीस्टचं आहे, आणि त्याचा जीन अ‍ॅस्परजिलसच्याच एका जातीत घालून ते बनवतात. मुंबईच्या आयसीटीत प्रा. गणपती यादव यांनी या लायपेजवर बरंच काम केलंय.

आम्हाला बनवायचं होतं केळ्याच्या वासाचं एस्टर. खरं सांगायचं तर त्यासाठी सल्फ्युरिक अ‍ॅसिड स्वस्त पडतं. विकराची खरी किंमत औषधांत. तिथे रेणूची डावी आणि उजवी अशी दोन रूपं असतात, आणि कित्येकदा एकच हवं असतं. अ‍ॅसिडला डावं-उजवं कळत नाही, लायपेजला बहुतेक वेळा कळतं.

मार्चमध्ये आमच्याकडे दोन मिलिलिटर शुद्ध विकर उरलं आणि आम्हा तिघींचं भांडण झालं. एक म्हणाली एस्टर बनवू, वास आला की एक्झॅमिनर खूश. दुसरी म्हणाली जेल आणि तापमानाचा आलेख आधी, नाहीतर आपण नेमकं काय शुद्ध केलं हे कसं सांगणार? मी दुसरीच्या बाजूने. रसायन बनवायला साक्याची भुकटी पुष्कळदा चालते, पण विकराची ओळख पटवायची तर ते एकटंच हवं. शेवटी एस्टरला भुकटी दिली आणि शुद्ध थेंब जेलला. तीन दिवसांनी हेक्झेनच्या वासाआडून केळं जाणवलं, निदान दोघींना तरी. जेलवर मात्र एक नाही, दोन रेघा दिसल्या. दुसरी रेघ तुटलेल्या लायपेजचा तुकडा की भलतंच प्रथिन, यावर अजून एकमत नाही. पेंड पुन्हा भिजत घातली आहे. आजीला सांगितलेलं नाही.